गोजोसरांची शाळा

चंदीगडच्या सेक्टर ३४मध्ये संध्याकाळी बॅच सुटते तेव्हा शेकडो मुलं एकदम रस्त्यावर येतात. पाठीला सॅक, हातात क्लासने छापलेली जाडजूड मॉड्यूल्स, गळ्यात ओळखपत्र. जेईई, नीट, एनडीए, आयलेट्स, बँकेच्या परीक्षा. इमारतींच्या अंगावर मजल्या-मजल्यांएवढे फलक आहेत आणि फलकांवर गेल्या वर्षी यशस्वी झालेल्या मुलांचे चेहरे, प्रत्येकाखाली त्याची रँक. खाली उभ्या असलेल्या मुलांच्या सॅकवर मात्र दुसराच चेहरा लटकत असतो. पांढरे केस, डोळ्यांवर काळी पट्टी, ओठांवर खोडकर हसू. हा सातोरू गोजो, 'जुजुत्सू कायसेन' या जपानी ॲनिमे मालिकेतला शिक्षक.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'शाळा' असा कळवला तेव्हा माझ्या डोक्यात जिल्हा परिषदेच्या, डोंगरातल्या, एकशिक्षकी अशा शाळा होत्या. माझी भाची चंदीगडला पंजाब विद्यापीठात शिकते. ती फोनवर म्हणाली, "मावशी, शाळेवर लिहायचंय ना, मग आधी हे बघ. इथे सगळी मुलं हेच बघतात." मी दोन्ही पर्वं पाहिली, पुस्तकं वाचली आणि उन्हाळा ओसरता ओसरता चंदीगडला गेले. ही मालिका जिथे मनापासून पाहिली जाते तिथेच तिच्याबद्दल बोलावं, असं वाटलं. सेक्टर ३४मधले चहाचे ठेले, सेक्टर १५मधल्या पीजीच्या खोल्या आणि विद्यापीठातलं स्टुडंट सेंटर (मुलं त्याला 'स्टू-सी' म्हणतात) अशा ठिकाणी ज्या गप्पा झाल्या, त्यांतून हा लेख आकाराला आला.

ल कार्बुझिएने हे शहर आखलं तेव्हा साधारण ८०० बाय १२०० मीटरचा एकेक सेक्टर स्वयंपूर्ण असावा, त्याच्या मधून हिरवा पट्टा जावा आणि शाळा त्या पट्ट्यात असावी, म्हणजे मुलांना वेगवान रस्ता ओलांडावा लागणार नाही, असा विचार होता. त्या शाळा आजही झाडांमध्ये उभ्या आहेत. अकरावी-बारावीतल्या कितीतरी मुलांची नावं मात्र कुठल्यातरी शाळेच्या पटावर असतात आणि ती स्वतः दिवसभर क्लासमध्ये. याला इथे सरळ 'डमी स्कूल' म्हणतात. आपल्याकडे 'इंटिग्रेटेड' नावाने जे चालतं, त्याचा हा सख्खा भाऊ. मार्च २०२४मध्ये सीबीएसईने डमी विद्यार्थी दाखवण्यासह इतर गैरप्रकारांवरून देशातल्या २० शाळांची मान्यता काढून घेतली. पद्धत काही थांबली नाही. कागदावर एक शाळा आणि प्रत्यक्षात दुसरीच, हे या मुलांच्या रोजच्या जगण्यातलं आहे. गोजोची शाळाही जगाला एक खाजगी धार्मिक विद्यालय म्हणून दाखवली जाते. आत काय चालतं ते बाहेर कोणाला ठाऊक नसतं.

तीन मुलांचा वर्ग

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. माणसांच्या मनातली भीती, मत्सर, पश्चात्ताप साचत जातो आणि त्यातून शाप जन्म घेतात. शाप म्हणजे राक्षसी जीव, बहुतेकांना न दिसणारे. शाळा आणि इस्पितळं या जागा असंख्य माणसांच्या आठवणींत रुतलेल्या असतात, म्हणून शाप तिथे जास्त साचतात, असं पहिल्याच भागात सांगितलं जातं. शाळेबद्दल इतकं खरं वाक्य मी मुलांच्या मालिकेत ऐकलं नव्हतं.

सेंदाई शहरातला युजी इतादोरी हा दणकट, सरळमनाचा मुलगा मित्रांना वाचवण्यासाठी एका शापित वस्तूचा घास घेतो. ती वस्तू म्हणजे सुकुना नावाच्या महाराक्षसाचं बोट. अशी एकूण वीस बोटं आहेत. सुकुना युजीच्या शरीरात जागा होतो. शापांशी लढणाऱ्या मांत्रिकांचे वयस्कर अधिकारी युजीला देहदंड सुनावतात. गोजो मध्ये पडतो आणि म्हणतो, आधी त्याला वीसही बोटं गिळू द्या, मग मारा, म्हणजे सुकुनाही संपेल. अशी टांगती शिक्षा घेऊन युजी गोजोच्या तोक्योतल्या शाळेत दाखल होतो. त्याच्या वर्गात आणखी दोघं आहेत. सावल्यांतून प्राणी उभे करणारा अबोल मेगुमी फुशिगुरो, आणि हातोडा, खिळे व गवताची बाहुली घेऊन लढणारी, गावाकडून आलेली फटकळ नोबारा कुगिसाकी. पहिल्या वर्षाचा पट एवढाच.

गेगे आकुतामी या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकथाकाराने २०१७मध्ये याच विश्वातली चार प्रकरणांची छोटी मालिका केली होती. मोठी मालिका 'वीकली शोनेन जम्प'मध्ये मार्च २०१८ ते सप्टेंबर २०२४ अशी चालली, २७१ प्रकरणं, ३० खंड. माप्पा स्टुडिओने केलेलं ॲनिमे ऑक्टोबर २०२०मध्ये सुरू झालं. पहिलं पर्व २४ भागांचं, २०२३चं दुसरं २३ भागांचं. मधे एक चित्रपट आला. चित्रकथेच्या छापील आणि डिजिटल मिळून १० कोटींहून अधिक प्रती वितरित झाल्या आहेत.

जादूची शाळा आणि तिथल्या मुलांच्या लढाया हा जपानी ॲनिमेतला मळलेला रस्ता आहे. 'माय हीरो अकॅडेमिया', 'लिटल विच अकॅडेमिया', 'द इर्रेग्युलर ॲट मॅजिक हायस्कूल', शिवाय निंजांच्या शाळेपासून सुरू होणारी 'नारुतो'. आपल्याला तरी हा प्रकार कुठे नवा आहे? शत्रूच्या गुरूच्या आश्रमात संजीवनी शिकायला गेलेला कच, त्याला पुन्हा पुन्हा मारणारे असुर, शेवटी गुरूच्या पोटातून शिष्याने बाहेर येणं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३मध्ये 'विद्याहरण' लिहिलं ते याच कथेवर. विद्या जिवावर बेतते आणि गुरूलाही तिची किंमत मोजावी लागते, हे आपल्या श्रोत्यांना शिकवावं लागत नाही.

शक्तीची किंमत

या मालिकेची पहिली मोठी ताकद म्हणजे तिच्यातल्या जादूचा हिशेब. इथे फुकट काही मिळत नाही. 'बाइंडिंग व्हाउ' नावाचा नियम आहे. आपण होऊन एक गोष्ट सोडायची आणि त्या बदल्यात दुसरीकडे बळ मिळवायचं, अगदी आपल्या नवसासारखं, फक्त देव मध्ये नाही. याच शाळेतल्या माकी झेनिनच्या अंगात जादू जवळजवळ नाहीच, त्या जागी तिला अफाट शारीरिक बळ आहे. तोगे इनुमाकीच्या शब्दांत आज्ञेचं सामर्थ्य आहे. चुकून कोणाला इजा होऊ नये म्हणून तो रोजच्या बोलण्यात फक्त भाताच्या मुटक्यांत भरायच्या पदार्थांची नावं घेतो. सुरुवातीला ही गंमत वाटते. मग लक्षात येतं की हा मुलगा मित्रांशी कधीच सरळ बोलू शकणार नाही.

केंतो नानामी हा माझा सर्वांत आवडता माणूस. शाळा संपल्यावर तो मांत्रिकी सोडून कंपनीत नोकरीला लागला, तिथल्या पैशाच्या खेळाला विटला आणि परत आला. सूट घालतो, घड्याळ बघतो. त्याने घेतलेलं बंधन असं की कामाच्या वेळेत तो आपली ताकद आवरून धरतो आणि ओव्हरटाइम सुरू झाला की ती वाढते. जास्तीचं काम केल्यावर माणसाच्या अंगातलं काय खर्च होतं, हे ज्याने पाहिलंय त्यालाच अशी कल्पना सुचेल. युजीला तो सांगतो, तू अजून मूल आहेस आणि तुला आधी सांभाळणं हे माझं कर्तव्य आहे. संपूर्ण मालिकेत दुसऱ्या कोणत्याही मोठ्या माणसाने लहानाला इतकं स्पष्ट वचन दिलेलं नाही.

गोजोच्या जादूवर सेक्टर ३४च्या मुलांचा विशेष जीव आहे, कारण ती त्यांच्या अभ्यासक्रमातली आहे. त्याच्या जवळ येणारी प्रत्येक गोष्ट जितकी जवळ येईल तितकी मंद होत जाते आणि त्याच्यापर्यंत पोचतच नाही. अर्धं अंतर, मग त्याचं अर्धं, मग त्याचं अर्धं. झीनोचा अकिलीस आणि कासव. जेईईची तयारी करणाऱ्या एका मुलाने मॉड्यूलच्या मागच्या पानावर मला अनंत श्रेणी मांडून दाखवली आणि तिची बेरीज सांत कशी येते, म्हणजे खरं तर हात गोजोला लागायलाच हवा, तो लागत नाही कारण मधली जागाच तो अनंत करतो, हे तावातावाने सांगितलं. इतक्या आनंदाने गणित बोलणारा विद्यार्थी मला बऱ्याच दिवसांनी भेटला.

याच गुणाला लागून दोष येतो. नियम इतके आहेत की ते सांगण्यात लढाया अडकतात. दोन माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली असताना एकजण थांबून आपलं तंत्र कसं चालतं ते समजावून देतो. आकुतामींनी यावर चतुर तोडगा काढला. आपलं तंत्र शत्रूला उघड केलं की त्याचं बळ वाढतं, असा नियमच करून टाकला. पहिल्या पर्वात तो शोभतो. पुढे पुढे निवेदकाचा आवाज, पडद्यावरच्या आकृत्या आणि पात्रांची व्याख्यानं यांचा इतका मारा होतो की आपण लढाई पाहतोय की टिपणं उतरवतोय असं वाटू लागतं. एका मुलीने हे नेमकं पकडलं. "मॅम, पहले सीज़न में रूल से डर लगता था. बाद में रूल याद करने पड़ते हैं."

इंद्राची मुद्रा, यमाची मुद्रा

मराठी वाचकाला या मालिकेत एक ओळखीचा धागा सतत सापडत राहतो. प्रत्येक मोठा मांत्रिक आपलं निर्णायक तंत्र सुरू करताना हातांची मुद्रा करतो. त्या मुद्रा जपानी बौद्ध परंपरेतून घेतल्या आहेत. गोजोची मुद्रा ताइशाकुतेनची, म्हणजे आपल्या इंद्राची. सुकुनाची एन्माची, म्हणजे यमाची. जोगो नावाचा ज्वालामुखीसारखा शाप महाकालाची मुद्रा धरतो. मेगुमीच्या सावल्यांत लपलेला सर्वांत भयंकर जीव महोरग या नावाने येतो, त्याच्या डोक्यावर आठ आऱ्यांचं चक्र फिरतं. बौद्ध धर्माचे रक्षण करणाऱ्या आठ गणांमध्ये महोरग आहेत.

सुकुनाही नुसता मनातून काढलेला नाही. इसवी सन ७२०मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या जपानी इतिहासग्रंथात हिदा प्रांतातल्या दोन तोंडांच्या, चार हातांच्या रयोमेन सुकुनाचा उल्लेख आहे. दरबाराच्या दृष्टीने तो बंडखोर. आजच्या गिफू प्रांतात, त्याच डोंगराळ मुलखात, काही मंदिरांत त्याला पूज्य मानतात. ज्याला राजधानीने राक्षस ठरवलं त्याला गावाने देव मानलं, हे आपल्याला म्हसोबा-बळीराजाच्या मुलखात नव्याने सांगायला नको. मालिकेने हा दुसरा पदर घेतला असता तर सुकुना किती खोल झाला असता! आकुतामींनी त्याला निव्वळ आपल्या मर्जीने जगणारं, कुठलंही कारण न देणारं संकट म्हणून ठेवलं. ते भय निर्माण करतं हे खरं, पण त्या जुन्या नावाचा पूर्ण उपयोग झाला नाही असं मला राहून राहून वाटतं.

तळघरातले सिनेमे

शाळेवरच्या मालिकेत शिकवणं किती आहे? फळा, तास, गृहपाठ जवळजवळ नाही. मुलं गाडीत बसून मोहिमेवर जातात, जखमी होऊन परत येतात, पुन्हा जातात. मांत्रिकांना चौथ्या श्रेणीपासून पहिल्यापर्यंत दर्जे आहेत, त्यावर 'विशेष श्रेणी'. शापांनाही तेच दर्जे. दुसऱ्या श्रेणीच्या मुलाने दुसऱ्या श्रेणीच्या शापाचा निकाल लावावा, अशी अपेक्षा. सुरुवातीच्याच एका मोहिमेत पहिल्या वर्षाच्या या तिघांना सुधारगृहात पाठवलं जातं, तिथे विशेष श्रेणीचा शाप निघतो आणि युजी जिवाला मुकतो. तो परत येतो ही गोष्ट वेगळी. अधिकाऱ्यांनी नकोशा मुलाचा काटा काढण्यासाठीच हे केलं, असं गोजो ओळखतो. तोक्यो आणि क्योतो इथल्या दोन शाळांच्या मैत्रीस्पर्धेतही क्योतोच्या मुलांना युजीला मारण्याचा आदेश असतो आणि तो देतात त्यांचे मुख्याध्यापक.

गोजोचं म्हणणं असं की या म्हाताऱ्यांना मी एका दिवसात संपवू शकतो, पण मग दुसरे तसेच येतील. म्हणून मी शिक्षक झालो, बुद्धिमान आणि बलवान साथीदार घडवायला. हा मालिकेचा कणा आहे. त्याच्यावर मुलांनी घेतलेला आक्षेप मात्र मला बिनतोड वाटतो. बारावीनंतर वर्ष गाळून नीटची तयारी करणारा एक मुलगा म्हणाला, "गोजो पढ़ाता कहाँ है? आता है, जीतता है, मिठाई खाता है, चला जाता है."

याला एक लखलखीत अपवाद आहे आणि त्यासाठी मी ही मालिका शिक्षकांना दाखवीन. युजी मेला असं सगळ्यांना वाटत असताना गोजो त्याला तळघरात लपवतो आणि सिनेमे बघायला बसवतो. मारामारीचे, भुताचे, रडवणारे, रटाळही. मांडीवर मुख्याध्यापक यागांनी शिवलेली एक बाहुली. युजीच्या अंगातला शक्तीचा प्रवाह सारखा राहिला तर बाहुली झोपून राहते. भीतीने, हसण्याने, रडण्याने तो हलला की जागी होऊन गुद्दा मारते. भावना दाबायची नाही. भावना होऊ द्यायची आणि तरी हात स्थिर ठेवायचा. सोफ्यावर अंग टाकून सिनेमा पाहणारा मुलगा, बाहुलीची घरघर, मधेच फटका. यात व्याख्यान नाही, अपमान नाही, रँक नाही. विद्यार्थी कशात कमी आहे हे शिक्षकाने ओळखलं आणि नेमका त्यासाठी एक खेळ रचला. सेक्टर ३४मध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षकाला मी या प्रसंगाबद्दल विचारलं. त्यांनीही मालिका पाहिलेली. ते म्हणाले, त्यांच्या बॅचमध्ये जेवढी मुलं बसतात तेवढ्या बाहुल्या कुठून आणायच्या? तीन मुलांच्या वर्गात जे शक्य आहे ते तिथे नाही, हे त्यांना बोचत होतं.

मालिकेने असे आणखी चार-पाच प्रसंग दिले असते तर ती वेगळ्याच उंचीवर गेली असती. २१व्या भागात दोन्ही शाळांची मुलं बेसबॉल खेळतात. वीस-बावीस मिनिटं कोणाचा जीव धोक्यात नाही, सगळे एकमेकांना चिडवताहेत. गोष्ट पुढे सरकत नाही म्हणून काही प्रेक्षक तो भाग वगळतात. माझ्या मते पुढे जे मरतात त्यांच्यासाठी आपण रडतो ते या भागामुळे.

२००६चा उन्हाळा

दुसऱ्या पर्वाचे पहिले पाच भाग हा या मालिकेचा सर्वोच्च बिंदू. दिग्दर्शक बदलले. पहिल्या पर्वाच्या पार्क सुंग-हूंच्या जागी शोता गोशोझोनो आले आणि चित्रभाषाही बदलली. पहिल्या पर्वात कॅमेरा लढाईच्या आत शिरून माणसांभोवती फिरायचा, ठोसा कुठून आला आणि कुठे लागला हे स्वच्छ दिसायचं. इथे कॅमेरा दूर उभा राहतो आणि चेहऱ्यांआधी देहबोली पाहतो. रेषा हलक्या झाल्या, रंग उन्हाने विटल्यासारखे.

हा काळ २००६चा. गोजो आणि सुगुरू गेतो दोघे विद्यार्थी, जिवलग मित्र. रिको अमानाई या शाळकरी मुलीला एका विधीसाठी सुखरूप पोचवायचं, एवढंच काम. ती कायमची स्वतःला हरवणार आहे, म्हणून दोघे तिला आधी समुद्रावर नेतात. मग आयत्या वेळी एक भाडोत्री मारेकरी तिला गोळी घालतो. तिचा मृतदेह उचलून गोजो बाहेर पडतो तेव्हा एका पंथाची साधी, नीटनेटके कपडे घातलेली माणसं हसत हसत टाळ्या वाजवत असतात.

त्यानंतरच्या वर्षभरात गेतो जो बदलतो ते मला कुठल्याही मोठ्या लढाईपेक्षा भयंकर वाटलं. तो शाप गिळून वश करणारा मांत्रिक. त्याची चव कशी असते हे कोणाला सांगता येत नाही. गोजो आता इतका बलवान झालाय की त्याला कोणाची सोबत लागत नाही. गेतो एकटा मोहिमांवर जातो, गिळतो, परत येतो. ज्यांच्यासाठी हे करायचं ती माणसं त्याला टाळ्या वाजवणारी दिसतात. एक कनिष्ठ सहकारी मरून येतो. शाळेत कोणीही त्याला विचारत नाही, तुला काय होतंय? त्याचं वजन उतरलंय हे गोजोच्या लक्षात येतं, पण गेतो ते उन्हाळ्यावर ढकलतो आणि विषय तिथेच संपतो. शेवटी एका खेड्यात दोन लहान मुलींना पिंजऱ्यात कोंडलेलं पाहून गेतो ते गाव मारून टाकतो.

पीजीच्या खोलीत आम्ही हे भाग पुन्हा पाहिले तेव्हा गर्दी होती आणि बडबडही. गेतोच्या या प्रसंगांना मात्र सगळे गप्प होते. नंतर भाचीची मैत्रीण म्हणाली, हुशार मुलाकडे कोणी बघत नाही, तो ठीकच असणार असं सगळे धरून चालतात. तिच्या क्लासमधला असा एक मुलगा तिने मला सांगितला. तो तपशील मी इथे लिहीत नाही.

शिबुया आणि नंतर

दुसऱ्या पर्वाच्या उरलेल्या अठरा भागांतले बहुतेक एका रात्रीचे. ३१ ऑक्टोबर, हॅलोवीन, तोक्योचं शिबुया स्थानक. गोजोला एका छोट्या घनाकृती तुरुंगात बंद केलं जातं. हे होणं अटळ होतं. इतका अजिंक्य माणूस मोकळा असला की कोणत्याही लढाईत भीती उरत नाही. त्याला बाजूला ठेवल्यावर मुलं आणि थकलेली मोठी माणसं उरतात. सुकुना युजीच्या शरीराचा ताबा घेऊन शहराचा एक भाग पुसून टाकतो आणि शुद्धीवर आलेला युजी ते बघतो. नानामी अर्धा जळालेला, तरी चालत राहतो. या रात्रीत धाडस आहे.

अडचण अशी की एवढी माणसं, एवढे मजले, एवढ्या एकाच वेळच्या लढाया, आणि कोण कुठे आहे हे बऱ्याचदा कळत नाही. एकाच्या मरणाचं दुःख व्हायच्या आत दुसरा कोसळतो. शोकाला वेळ नाही. पहिल्या पर्वात जुनपेई हा शाळेत छळला गेलेला मुलगा मरतो तेव्हा मालिका थांबते, युजी मोडतो, आपणही मोडतो. जुनपेई आपल्याला केवळ काही भाग भेटलेला, पण त्याचं घर आणि त्याची आई आपण पाहिलेली असते. शिबुयात तेवढी माया दाखवायला मालिकेला उसंत नाही.

नोबाराचं काय झालं

चंदीगडमध्ये सर्वांत जास्त राग कुठे निघाला तर इथे, आणि तो मुलींचा होता. नोबारा हे या प्रकारच्या मालिकांतलं दुर्मीळ पात्र आहे. गावातल्या कोंडलेपणातून पळून शहरात आलेली, सुंदर कपड्यांची हौस असणारी, त्याबद्दल कोणाची माफी न मागणारी, आणि लढाईत कोणाच्याही मागे न राहणारी. तिचं शस्त्र लोकपरंपरेतून आलंय. गवताच्या बाहुलीत खिळे ठोकून शत्रूवर करणी करायची, हा जुना जपानी प्रकार. ती स्वतःच्या हातात खिळा ठोकून शत्रूला जखमी करते तो पहिल्या पर्वातला प्रसंग मुली अजूनही रंगवून सांगतात.

शिबुयात माहितो नावाचा शाप तिच्या चेहऱ्याला हात लावतो आणि ती पडते. ती जगली की गेली हे मग फार काळ अधांतरी ठेवलं जातं. मूळ मांगात, म्हणजे चित्रकथेत, ती थेट शेवटाकडे परत येते, एका कामापुरती. वर्षानुवर्षं ज्या मुलीला आपण नायकाच्या बरोबरीने चालताना पाहिलं, तिला कथेने गोठवून ठेवलं. माकीला पुढे मोठं पर्व मिळतं, ते जबरदस्त आहे, पण त्याआधी तिला बहीण गमवावी लागते आणि स्वतः जळावं लागतं. स्टू-सीच्या पायरीवर एक मुलगी म्हणाली, "लड़कों को पावर-अप मिलता है, लड़कियों को ट्रैजेडी." मी यात काही जोडणार नाही. मालिकेचा हा सर्वांत मोठा दोष आहे आणि तो दिग्दर्शनाचा नव्हे, मूळ लेखनाचा आहे.

चित्रं काढणारी माणसं

पडद्यावर जे दिसतं ते कोणीतरी हाताने काढलेलं असतं. मुख्य आरेखक हालचालीतले ठळक क्षण काढतात, मधल्या चौकटी दुसरे भरतात, मग रंग, पार्श्वभूमी, जोडणी. यांतले बरेच जण नोकरदार नसतात, चित्रामागे किंवा दृश्यामागे ठरलेल्या दराने काम करतात. पैसा प्रकाशक, वाहिन्या, वितरक यांच्या समितीकडून येतो, वेळापत्रकही प्रसारणाच्या तारखेला बांधलेलं. तारीख हलत नाही. हलतात त्या माणसांच्या झोपेच्या वेळा.

माप्पा हा स्टुडिओ मासाओ मारुयामा या ज्येष्ठ निर्मात्याने २०११मध्ये सुरू केला. नोव्हेंबर २०२३मध्ये, सुकुना आणि महोरगाची लढाई प्रसारित होत होती त्याच सुमारास, दुसऱ्या पर्वावर काम करणाऱ्या अनेक आरेखकांनी समाजमाध्यमांवर उघडपणे लिहिलं की वेळापत्रक अशक्य आहे. तो भाग पाहताना कच्च्या राहिलेल्या चौकटी दिसतात आणि त्यांच्या शेजारीच डोळे दिपवणारं कामही दिसतं. मे २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यवसाय आणि मानवी हक्क कार्यगटाने जपानवरच्या अहवालात ॲनिमे उद्योगातल्या कमी मोबदल्याबद्दल आणि जास्त तासांबद्दल चिंता नोंदवली.

मोठ्यांच्या हट्टापायी तरुणांना त्यांच्या श्रेणीबाहेरच्या कामावर पाठवलं जातं, ही या मालिकेची गोष्ट. ती ज्यांनी काढली त्यांच्या वाट्याला तेच आलं. हे कळल्यावर मला शिबुयाची रात्र आधीसारखी पाहता आली नाही. चंदीगडच्या मुलांना ही बातमी आधीपासून ठाऊक होती, आरेखकांची नावंही ठाऊक होती. कुठल्या दृश्यामागे कोणाचा हात आहे हे ती हालचालीवरून ओळखतात. आपल्या पिढीने कॅमेरामनची नावं कधी पाठ केली होती का?

पुढचं पर्व

तिसरं पर्व जानेवारी २०२६मध्ये येणार असं जाहीर झालं होतं. त्यात 'कलिंग गेम' आहे. जपानभर आखलेल्या वसाहतींत लोकांना एकमेकांशी लढायला उतरवलं जातं. मांत्रिक मारला तर पाच गुण, सामान्य माणूस मारला तर एक. १९ दिवसांत गुण हलले नाहीत तर अंगातली जादू काढून घेतली जाते, म्हणजे मरणच. शंभर गुण जमले की खेळात एक नवा नियम घालता येतो. शाळा आता मागे पडली आहे, उरली आहे ती गुणयादी.

मांगा वाचलेल्यांच्या मते हे पर्व सर्वांत गुंतागुंतीचं आहे आणि नियमांचा भार इथे कळस गाठतो. मी वाचलंय, भार आहे. पण त्यातच हिगुरुमा नावाचा वकील आहे. हरणारे खटले लढून लढून न्यायावरचा विश्वास उडालेला, आणि आता स्वतःच मांत्रिक झालेला. त्याचं तंत्र म्हणजे एक न्यायालय. त्या न्यायालयात युजीवर शिबुयातल्या माणसांच्या हत्येचा आरोप ठेवला जातो. ते सुकुनाने केलं होतं, युजीचं शरीर त्याच्या ताब्यात नव्हतं, हे खरं सांगून त्याला सुटता आलं असतं. युजी म्हणतो, मीच मारलं. वकील हात खाली घेतो. आणि स्वतः माणसं मारून मिळवलेले शंभर गुण खर्च करून तो खेळात नवा नियम घालतो, की यापुढे एका खेळाडूला आपले गुण दुसऱ्याला देता येतील.

मांगात हे फार थोड्या पानांत येतं. गोशोझोनोंनी गेतोच्या उन्हाळ्याला जेवढा वेळ दिला तेवढा या न्यायालयाला द्यावा, आणि तो काढणाऱ्या आरेखकांनाही तेवढा वेळ मिळावा.